पापणीमागची गादी

बिरूदाजींचा चेहरा मेला, तेव्हा बाजारानं त्यांना पहिल्यांदा फुकटचा चहा पाजला.

बिरदेव लेंगरे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मंदाअक्काचे, मालक. पिंपळसांगवीच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैलांचे दलाल. शेतात आता बैल औषधालाही सापडत नाही, पण शर्यतीपायी त्याची किंमत मोटारीच्या वर गेलेली. शनिवारी पुण्या-बेंगळुरूची गिऱ्हाइकं येतात, बैलाच्या पायाऐवजी स्वतःच्या बुटांकडे बघत चालतात. बाजाराच्या फाटकाशी माझं पेंड-भुशाचं दुकान. पेंड उधार मागताना माणूस जसा दिसतो तसा तो देवापुढंही दिसत नाही, त्यामुळं अख्ख्या बाजाराची पारख मला घरबसल्या होते.

आमच्याकडं सौदा अजून रुमालाखाली होतो. दोघांचे हात एका कापडाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडानं आकडा काढायचा नाही, तोंडानं फक्त पाऊसपाण्याचं बोलायचं. आजूबाजूला वीस माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. मग उघडं काय राहतं? डोळे. समोरच्यानं चार बोटं दाबली की आपल्या डोळ्याच्या कडेला काय हललं, त्यावर तो पाचवं दाबायचं का नाही ते ठरवतो.

इथंच दाजींची गोची होती. त्यांना खोटं बोलायची हौस दांडगी, पण साधनं अपुरी. मनासारखा आकडा आला की डोळे बारीक व्हायचे आणि कडेच्या सुरकुत्या पार कानापर्यंत पळायच्या. गिऱ्हाईक तिथंच थांबायचं. तरी त्यांचं चाललं होतं, कारण असा माणूस फसवणार नाही अशी लोकांची खात्री होती. ती खात्री बरोबरच होती. फक्त तिचं श्रेय दाजींच्या स्वभावाला मिळायचं, खरं ते सुरकुत्यांचं होतं.

मग चुगल्या आला.

कंपनीनं त्याला मोठं इंग्रजी नाव दिलेलं. आमच्या लोकांनी पहिल्याच शनिवारी त्याचं बारसं केलं. दिसायला साधा चष्मा. माणूस ओठानं हवं तेव्हा हसू शकतो, पण डोळ्याभोवती एक गोल स्नायू असतो, तो फारसा कुणाचं ऐकत नाही. आनंद, भीती, हाव यांपैकी काही आत उठलं की तो आधी थरथरतो, आणि पापणीमागच्या चरबीच्या मऊ गादीवरून ती थरथर कातडीवर येते. माणसाच्या नजरेला ती कधी दिसते, कधी निसटते. चुगल्याच्या बारीक कॅमेऱ्याला निसटत नाही. समोरचा आतून खूश असेल तर काचेच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका, दाबून धरत असेल तर लाल. बास. आमच्या दलालांनी तीन पिढ्या घालून जी विद्या मिळवली, ती पुण्याचं पोरगं नाकावर चढवून येऊ लागलं.

बाजार बसला. दलालांची तोंडं उतरली, आणि ती उतरलेली तोंडंही चुगल्या वाचू लागला.

त्याच हंगामात दाजींना बाजूनं येणाऱ्या बैलाचं शिंग दिसलं नाही. बरगडीला घासून गेलं. मी त्यांना मिरजेला डॉक्टर निलोफर मुजावरांकडं घेऊन गेलो. बाई हुशार, बोलायला सडेतोड.

"काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत," त्या म्हणाल्या. "डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट अडली की आत दाब वाढतो, आणि मागची नस कडेकडेनं मरत येते. मेलेली परत येत नाही. आता शिल्लक आहे ती राखायची."

"राखा की मग," दाजी म्हणाले, जसं काही बाई राखायला तयारच नव्हत्या.

राखणं सोपं नव्हतं. स्वस्तातले थेंब दाजींना चालेनात, कारण कडब्याच्या धुळीनं जन्माचा दमा आणि त्या थेंबांनी श्वासनळ्या आवळतात. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं, तर नवी पाडलेली वाट महिन्याभरात जखम भरून बुजली. डाव्याचंही तेच होणार, असं बाईंनी सांगितलं. राहिला एकच, नव्या पिढीचा थेंब. रोज दोन्ही डोळ्यांत एकेक. दाब हटकून उतरतो.

"याचे परिणाम नीट ऐका," बाई म्हणाल्या. "हे औषध पाण्याची वाट मोकळी करतं. पण तोच निरोप ते आसपासच्या चरबीच्या पेशींनाही देतं, की बारीक व्हा. पापण्यांचे केस वाढतील. कातडी काळवंडेल. डोळ्यामागची गादी आटेल, डोळे खोल जातील. आणि हे नवं औषध जुन्यापेक्षा पुढं जातं, भोवतीचा स्नायूही हळूहळू सैलावतो. नजर राहील. चेहरा थोडा जाईल."

"चेहऱ्याला काय करायचंय आता," दाजी म्हणाले. "लगीन झालंय माझं."

बाई हसल्या नाहीत. मी हसलो.

आधी पापण्या वाढल्या. इतक्या की बाजारात संपत गळवे म्हणाला, "काय बिरूशेठ, तमाशात नाव घातलं का काय?" मग पापण्यांवर काळसर रंग चढला, काजळ फासटल्यासारखा. मग वरच्या पापणीखाली खळगा पडला आणि दिवाळी उलटेपर्यंत डोळे आत गेले. आजारी दिसत नव्हते ते. बंद दुकानासारखे दिसत होते. पाटी आहे, फळ्या लावलेल्या आहेत.

त्या शनिवारी बेंगळुरूचं एक गिऱ्हाईक दाजींपुढं आलं. रुमालाखाली हात गेले. गिऱ्हाईक चुगल्यातून बघतंय, ठिपका हिरवा होईना, लाल होईना. त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला. एक बोट वाढवलं. ठिपका नाही. अजून एक वाढवलं. दाजी पावसाचं बोलत होते. शेवटी ते गिऱ्हाईक घामाघूम होऊन दाजींना हवं होतं त्याच्याही वर गेलं आणि वर 'थँक यू' म्हणालं.

चहा आला तो तेव्हा. सगळे दलाल दाजींभोवती बसले, नवरदेवाभोवती बसावं तसे.

"कुठला थेंब म्हनायचा ह्यो?" संपत गळवेनं विचारलं.

"काचबिंदूचा हाय. तुला काचबिंदू हाय का?"

"न्हाई."

"मग?"

"हुईल की कवातरी," संपत म्हणाला. "आधीपास्नं घातलेला काय वाईट?"

पाव्हण्याच्या ओळखीनं, मेडिकलवाल्याच्या मेहेरबानीनं, थेंब बाजारात आला. उन्हाळ्याच्या तोंडाला पिंपळसांगवीतल्या झाडून सगळ्या दलालांच्या पापण्या नव्या नवरीसारख्या लांब आणि डोळे विहिरीसारखे खोल. बैल तेवढे चारचौघांसारखे दिसत होते. थेंब बाजारातच थांबला असता तर मी गप्प बसलो असतो. पण लग्नाची बोलणी करणारे मामे तो घालू लागले. सोसायटीच्या निवडणुकीचे उमेदवार घालू लागले. आमच्या आळीतली एक सासू घालते अशी वदंता होती, पण तिच्या बाबतीत आधी आणि नंतर यात फरक दाखवणं अवघड होतं.

आणि मग धंदा बसला, चुगल्यानं बसवला होता त्याहून वाईट. रुमालाखाली दोन दलालांचे हात गेले की निघेनात. थांबायचं कुठं हे कुणाच्या डोळ्यात दिसेना. ह्यानं बोट दाबावं, त्यानं झटकावं. झटकलं ते खरं की नाटक, कळायला वाट नाही. हातांना मुंग्या यायच्या. एकदा संपतनं खरंखुरं 'नको' म्हटलं ते समोरच्याला सोंग वाटलं, तो वाढवत गेला, आणि त्याला न परवडणारा सौदा होऊन बसला. गिऱ्हाइकं तर ठिपका नसलेल्या माणसाशी बोलेनातच. म्हणायची, काहीतरी लपवतोय म्हणून तर घालतोय.

दलाल शहाणे. त्यांनी थेंब सोडले. पावसाळाभर त्यांच्या पापण्यांमागं हळूहळू पुन्हा गादी धरली, स्नायू हलू लागले. संपत गळवे परत डोळ्यांनी खोटं बोलू लागला, तेव्हा लोकांना हायसं वाटलं.

दाजींना सोडता येत नव्हते. सोडले की आंधळे. बाजारात आता एकटाच बंद चेहरा उरला, त्यांचा. माणूस तोच, तीस वर्षं कुणाला न फसवलेला. पण लोकांचा भरवसा ज्या सुरकुत्यांवर होता त्या राहिल्या नव्हत्या, आणि नुसत्या माणसावर कुणी भरवसा ठेवत नाही.

घरातलं मला उशिरा कळलं. मंदाअक्का तक्रार करणाऱ्यातली नाही. दुकानात आली, सरकीच्या पोत्यावर टेकली आणि म्हणाली, "भारत, तुजं दाजी घरात हायत का न्हाईत, मला कळंना झालंय."

"म्हंजे?"

"समोर बसल्यात, जेवत्यात, इचारलं की बोलत्यात. पर आमटी आवडली का खारट झाली हे आजवर मला कधी इचारावं लागलं न्हवतं रं. आता इचारती. 'बरी हाय' म्हनत्यात. बरी तर बरी. पर ती बरी कुठं लिवलेली दिसत न्हाई."

मग लाजत म्हणाली, "परवा मीच पदर टाकला त्येंच्या हातावर. म्हटलं, तोंडानं ऱ्हाऊ द्या, बोटानं सांगा, माजा राग आलाय का माया हाय. दोन बोटं दाबली."

"दोन म्हंजे काय?"

"मी काय दलाल हाय? मला काय म्हाईत!" म्हणून ती हसली, आणि पदरानं डोळे पुसून उठली.

दाजींनी त्याच महिन्यात सुंदऱ्याला विकला. सुंदऱ्या त्यांचा स्वतःचा बैल, गोठ्यात वाढवलेला. गाडीत चढताना त्यानं मान मागं वळवली. मी दाजींकडं बघितलं. फळ्या लावलेलं दुकान.

"वाईट वाटलं असंल," मी म्हणालो.

दाजींनी खरोखर विचार केला. "वाटतंय," ते म्हणाले. "पर भारत, ते दुसऱ्या गल्लीत वाटतंय. हिकडं नुसता आवाज येतोय."

हे मी मुजावरबाईंना फोनवर विचारलं. त्यांना नवल वाटलं नाही. मन चेहऱ्याला हुकूम देतं हे अर्धंच खरं, त्या म्हणाल्या. चेहरा हलला की त्याची पोच उलटी मनाला जाते, आणि त्या पोचेवर मन ठरवतं की आपल्याला किती वाटलं. पोच बंद झाली की वाटणंही पातळ होतं. "दुःख कमी झालं म्हणून पेशंट खूश होतात आधी," त्या म्हणाल्या. "नंतर येतात."

दाजी नंतर येणाऱ्यातले नव्हते. ते कशानंच येणारे उरले नव्हते. आणले ते नातीनं.

भाची स्वरांजली, दाजींची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली, ईरा. पहिले काही आठवडे पोर कुणाकडंच बघत नव्हती, तोवर सगळं ठीक होतं. मग ती डोळ्यांकडं बघू लागली. आजीकडं बघून हसायची. माझ्याकडं बघूनही हसायची, म्हणजे पोरीला निवड नव्हती असंच म्हणायला हवं. दाजींनी घेतलं की ती त्यांच्या डोळ्यांत बघायची. वाट बघायची. पाय हलवायची, हुंकार द्यायची, परत बघायची. मग ओठ काढायची आणि अशी किंचाळायची की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहायची.

दाजी ओठानं हसून दाखवायचे. त्यानं ती जास्तच रडायची.

स्वरांजलीची रजा संपत आली. बेत असा होता की ईराला वर्षभर आजी-आजोबांकडं ठेवायचं. एका दुपारी, मी ओट्यावर असताना, ती बापाला म्हणाली, "पप्पा, वाईट वाटून घेऊ नका."

"न्हाई घेत."

"तेच ना," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "तेच तर! मी काहीही बोलले तरी तुम्ही असेच. मी लहान असताना मला काय झालंय ते मला कळायच्या आधी तुमच्या डोळ्यांत दिसायचं. आता मला तुमच्याकडं बघवत नाही. ती तर एवढीशी आहे. तिला मी इथं ठेवणार नाही. आई माझ्याबरोबर पुण्याला येतेय."

"किती दिस?"

स्वरांजलीनं आईकडं बघितलं. मंदाअक्का चुलीकडं बघत राहिली. म्हणजे दोघींचं आधीच ठरलेलं होतं.

दाजी म्हणाले, "बरं." मग मला म्हणाले, "भारत, गाडी काढ. मिरजंला जायाचंय."

दाजी बाईंच्या खोलीत शिरले, खुर्चीवर बसले, खांद्यावरचा टॉवेल काढून टेबलावर अंथरला आणि त्याखाली हात घालून बाईंकडं बघू लागले.

"हे काय?" मुजावरबाई म्हणाल्या.

"हात द्या म्हनत्यात," मी म्हणालो. "सौद्याला."

बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, आणि हात टॉवेलखाली घातला. दाजींनी काय दाबलं ते मला दिसलं नाही.

"मला यातलं काही कळत नाही, लेंगरे. तोंडानं सांगा."

"दोन डोळं हायत," दाजी म्हणाले. "एक घ्या. एक सोडा."

"म्हणजे?"

"थेंब उजव्यातच घालीन. डाव्यात बंद."

बाईंनी हात झटकन काढून घेतला. "डावा जाईल. वर्षात, फार तर दीड वर्षात, पूर्ण जाईल. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय?"

"डाव्याची गादी भरंल का?"

"बरीचशी. स्नायूही येईल. पण लेंगरे, चांगला बघणारा डोळा..."

"एवड्या दिसांत ह्या बघनाऱ्या डोळ्यांनी काय बघितलं, सांगू?" दाजी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, सपाट. "नात रडताना बघितली. रोज. दोनी डोळ्यांनी."

"मी याला संमती देणार नाही. कागदावर तसं लिहीन."

"लिवा. बाटली माझ्या हातात हाय."

बाई चिडल्या होत्या. डाव्याचंही ऑपरेशन करून बघू, नवीन काही निघेल, थांबा, असं खूप बोलल्या. दाजी ऐकत होते. ऐकताहेत की नाही हे बाईंना कळत नव्हतं, आणि त्यानं त्या आणखी चिडत होत्या. निघताना त्यांनी टॉवेल घडी करून दाजींच्या हातात दिला. माझ्या ऐकण्यात डॉक्टरनं पेशंटचं कापड घडी केल्याचं दुसरं उदाहरण नाही.

घरी येऊन मी स्वरांजलीला खरं सांगितलं. दाजींनी 'सांगू नको' म्हटलेलं, पण माझ्याकडं गुपित ठेवणं म्हणजे चाळणीत दूध ठेवणं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे सांग असाच त्याचा अर्थ. ती बापाशी भांडली, रडली, बाटली घेऊन डाव्या डोळ्यात थेंब घालायला गेली. दाजींनी डोळा मिटून घेतला. शेवटी तिनं एवढंच केलं की रजा वाढवली आणि आईची बॅग परत कपाटावर टाकली.

डाव्याची नजर कडेकडेनं जाऊ लागली. आधी खांब गेला, मग दार, मग दारातला माणूस. आणि जशी नजर जात गेली तशी ती बाजू भरत आली. आधी खळगा उथळ झाला. लांब पापण्या झडून जुन्या आखूड आल्या. एक दिवस डाव्या कडेला एक सुरकुती हलली. मंदाअक्कानं मला फोन करून सांगितलं, पोराला नोकरी लागल्यासारखं.

बाजारात दाजींची गंमत झाली. उजवीकडनं बघणारं गिऱ्हाईक घाबरतं, डावीकडनं बघणारं विश्वास ठेवतं. चुगल्या अर्धा हिरवा होऊन गोंधळतो. धंदा अर्धा आला. स्वरांजली दर पंधरवड्याला पुण्याहून येते. ईरा इथंच राहिली. त्या पोरीनं मात्र हिशोब झटक्यात जमवला. उजवीकडं गेली तर तोंड फिरवते. डावीकडं नेली की त्या डोळ्यात बघते, हुंकारते, आणि कडेच्या सुरकुत्या पळाल्या की खिदळते. ज्या डोळ्यात ती बघते त्याला ती दिसत नाही. हे तिला सांगायची कुणाला घाई नाही.

"आता वाटतं का काय?" मी दाजींना एकदा विचारलं.

"ह्या बाजूनं येतंय थोडं," ते डाव्या गालाला हात लावून म्हणाले. "सगळं न्हाई. गल्लीच्या तोंडापत्तूर."

गेल्या आठवड्यात मी गेलो तर मंदाअक्का दाजींची खाट ओढत होती. ओट्यावर खाट अशी असायची की बसल्या जागी फाटक, गोठा, रस्ता सगळं दाजींच्या उजव्या डोळ्याला दिसायचं. तिनं ती उलटी फिरवली, डावी बाजू फाटकाकडं येईल अशी. दाजींनी विचारलंही नाही. जाऊन बसले. आता त्यांना समोर मातीची भिंत दिसते, आणि फाटकातून आत येणाऱ्याला ते दिसतात.

ईरा पडत-धडपडत ओट्याकडं निघाली. दाजी भिंतीकडं बघत होते.

"कोन आलं?" त्यांनी विचारलं. अक्कानं मला बोटानं गप्प बसायला सांगितलं. पाऊल अजून वाजलं, कडेची पहिली सुरकुती हलली, आणि पोरगी पायरीशीच थांबून, त्यांच्याकडं बघून, हसायला लागली.